नव्याण्णव टक्के पुरे का?

गेल्या अंकात २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रांग लागली. बरीचशी खर्चाची, काही भीतीची, एक चक्क नवरा-बायकोच्या भांडणाचं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यांत इतरांचीही शंका आली आहे तेवढी पत्रं घेतली आहेत. थोडी कापली आहेत, राग नसावा.

प्रश्न : ऑगस्ट २०२७ मध्ये मी कंपनीच्या कामासाठी कैरोत असणार आहे. तिथूनही सूर्य बराचसा झाकलेला दिसेल, असं सहकारी म्हणतात. मग भर उन्हाळ्यात सहाशेहून जास्त किलोमीटर तुडवत लक्सरला कशाला जायचं? समजा नव्याण्णव टक्के मिळत असतील, तर शंभरात एवढं काय आहे?
— एक इंजिनिअर, चिंचवड

उत्तर : आकड्यांतच सांगते. खग्रास झाल्यावर सूर्याभोवती जे पांढरं प्रभामंडल दिसतं, ज्याच्यासाठी माणसं जगभर फिरतात, त्याचा उजेड सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतका असतो. सूर्य ९९ टक्के झाकला तरी उरलेला एक टक्का त्या प्रभामंडलाच्या दहा हजार पट तेजस्वी असतो. भर दुपारी अंगणात पणती लावून बघा, तसं. शिवाय ग्रहणाचा चष्मा डोळ्यांवरून काढता येत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला फार तर वाटेल की आभाळ आलंय का, आणि तो आपल्या कामाला जाईल.

कैरो चंद्राच्या सावलीच्या पट्ट्याबाहेर आहे. लक्सर पट्ट्यात आहे आणि तिथे सहा मिनिटांहून जास्त अंधार मिळणार आहे. या शतकात याहून लांब खग्रास एकच, २२ जुलै २००९ चं. तेव्हा जा. रजा मिळत नसेल तर मागून घ्या, त्यासाठी आजीला आजारी पाडावं लागलं तरी हरकत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रहणाच्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल. खुर्चीत बसून मान मोडेल, त्यापेक्षा सतरंजी टाकून सरळ आडवे व्हा. आणि ऑगस्टमध्ये तिथला पारा चाळिशीच्या वर असतो. खग्रासाआधीचा तास-सव्वा तास लोक उत्साहानं उन्हात काढतात आणि नेमक्या क्षणाला भोवंडतात. सावलीत बसा, मीठ-साखर-पाणी पीत राहा, शेवटच्या वीस मिनिटांसाठी बाहेर या. झाडाखाली बसलात तर पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होत जातील, तेही बघून होईल.

प्रश्न : आमच्या घरी वाद चालू आहे. मी ६७ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, सौ. ६३. मुलगा सिडनीला असतो. २२ जुलै २०२८ चं खग्रास ऑस्ट्रेलियातून दिसणार आहे. वायव्येकडच्या किम्बर्ली भागात म्हणे ५ मिनिटं १० सेकंद मिळतात. मला नेमक्या त्या बिंदूवर उभं राहायचं आहे. चारचाकी भाड्यानं घेऊन रानात जाऊ म्हणतो. हिचं म्हणणं, ग्रहण मुलाच्या घरावरूनच जातंय तर गच्चीतून बघू. ताई, निकाल तुम्हीच द्या.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सिडनीत खग्रास दुपारी दोनच्या सुमारास, पावणेचार मिनिटांच्या आसपास आहे. हे काही कमी नाही, त्यामुळे वहिनींना वेड्यात काढू नका. पण तिथे जुलै म्हणजे हिवाळा, आणि समुद्रकाठच्या हिवाळी आभाळाचा भरवसा कुणी द्यावा? किम्बर्लीत मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो. जुलैत दिवसा तिशीच्या आसपास तापमान, रात्री गारवा, आणि आकाश बहुतेक दिवस स्वच्छ. ग्रहणासाठीच जायचं असेल तर मी किम्बर्लीला जाईन.

मात्र तुमचा तो बिंदू सोडा. सावलीचा पट्टा तिथे दोनशेहून जास्त किलोमीटर रुंद आहे. चंद्राची सावली साधारण गोल असते, आणि तिच्या मधोमध न राहता, मध्यरेषा आणि कडा यांच्या बरोबर अर्ध्यावर उभं राहिलं तरी पूर्ण वेळाच्या सुमारे ८७ टक्के वेळ मिळतो. वर्तुळाची जीवा काढून बघा, शाळेतलीच भूमिती आहे. म्हणजे पाच मिनिटांतली चाळीसेक सेकंद वाचवायला तुम्ही अशा रानात शिरणार, जिथून ढग आले तर हलता येणार नाही आणि छातीत दुखलं तर फ्लाइंग डॉक्टरांचं विमान बोलवावं लागेल. ती विमानं तिथे खरोखरच चालतात, पण आपण त्यांची सोय बघायला चाललेलो नाही.

हलता येणं किती महत्त्वाचं, ते मला २००९ साली मध्य प्रदेशात कळलं. पुण्याहून एका प्रवास कंपनीबरोबर गेलो होतो. पहाटे आकाश दक्षिणेकडे फाटत होतं. वीस-पंचवीस किलोमीटर सरकलो असतो तर निदान संधी होती. पण बस एकच, ती अरुंद रस्त्यावर दुसऱ्या तीन बसगाड्यांच्या मागे अडकलेली, आणि आमचा ड्रायव्हर चहाला गेला तो गेलाच. अंधार आला. पश्चिमेकडून ढगांच्या पोटाखालून काळं काहीतरी सरकत आलं, कुत्री भुंकायची थांबली, शेजारच्या पत्र्याच्या टपरीवाल्यानं दिवा लावला. वर मात्र नुसतं राखी छत. काही मिनिटांनी उजाडलं आणि कंपनीचा माणूस उपम्याच्या प्लेटा घेऊन आला. उपमा चांगला होता.

उलट २००१ सालच्या जूनमध्ये झांबेझी नदीच्या काठी, झांबियात, ढगाचं नाव नव्हतं. तिथेही कोरडा हंगाम. खरं रान, रात्री तंबूबाहेर एकट्यानं पडायची मनाई. खग्रासाच्या दहा मिनिटं आधी उजेडाचा रंग बिघडला. आपली सावली एका बाजूनं सुईसारखी टोकदार आणि दुसऱ्या बाजूनं पसरट पडायला लागली. हाताचे केससुद्धा वाळूवर वेगळे मोजता येत होते. बगळे नदीवरून झाडांकडे निघाले. चंद्राच्या कडेवरचा उजेडाचा शेवटचा मणी विझला तेव्हा आमच्यातले एक कडक शिस्तीचे निवृत्त सुभेदार मोठ्यांदा ओरडले, शब्द काय ते इथे छापता येणार नाहीत. काळ्या बिंबाच्या कडेला एक गुलाबी ज्वाला नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. क्षितिजावर चारी बाजूंनी संध्याकाळ, म्हणून कुणी एका दिशेला बघत राहू नये, एकदा गिरकी घ्यावी. तेवढ्या तीन-सव्वातीन मिनिटांत कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. पाच मिनिटं दहा सेकंदांचं तुम्हाला कितपत मनावर घ्यायचं ते आता ठरवा.

माझा सल्ला : विमानानं पर्थ किंवा डार्विनमार्गे किम्बर्लीतलं कुनुनरा गाठा. पाच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, दवाखाना आहे, दुकानं आहेत, पक्का हमरस्ता आहे आणि गाव पट्ट्यात आहे. तिथे मुक्काम ठेवा. त्या दिवशी पहाटे मध्यरेषेकडे जेवढं डांबरावरून जाता येईल तेवढं जा, आणि परतीचा रस्ता मोकळा राहील अशी गाडी लावा. डर्बीकडून येणारा गिब रिव्हर रोड नकाशावर फार मोहक दिसतो. सहाशे साठ किलोमीटर, मुख्यतः खडी-मातीचा, वाटेत नद्या ओलांडायच्या. दोन टायर बरोबर लागतात आणि ते बदलता यावे लागतात. तुम्हाला येतात का? बँकेत शिकवत नसावेत.

बरं, हे करताना काही गोष्टींत चुकू नका. गाव छोटं आहे आणि जगभरचे ग्रहणवेडे तिथेच येणार, तेव्हा खोली आत्ताच शोधायला लागा. भाड्याच्या गाड्यांवर रात्री गावाबाहेर चालवायची बहुधा बंदी असते, कारण अंधारात कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात; करारावर सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा, ते काम तुम्हाला जमेल. पाण्याच्या कडेला ग्रहण बघायचा काव्यात्म विचार मनात आणू नका, नद्यांत आणि खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही. मोबाइलची रेंज गावाबाहेर गेलात की गेली, म्हणून सॅटेलाइट फोन भाड्यानं घ्या. आणि घड्याळ! कुनुनरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर राज्याची हद्द आहे आणि पलीकडे घड्याळ दीड तास पुढे. डार्विनकडून आलेला मोबाइल जुनी वेळ धरून बसला, तर सगळा हिशेब चुकेल. खग्रास तिथल्या वेळेनुसार सकाळी अकराच्या जरा आधी आहे. पुण्यात तेव्हा साडेआठ वाजायला आलेले असतील.

आता वहिनींसाठी. मुलाला द्यायला लाडू, लोणचं, मेतकूट नेणार हे मी गृहीत धरते. ऑस्ट्रेलियात उतरताना जवळचा प्रत्येक खाण्याचा पदार्थ फॉर्मवर लिहायचा. लिहिलेलं फार तर काढून घेतात. न लिहिता सापडलं तर जबर दंड. शिवाय पश्चिम ऑस्ट्रेलियाची स्वतःची वेगळी तपासणी असते. डार्विनकडून रस्त्यानं आलात तर हद्दीवरच्या नाक्यावर ताजी फळं, भाज्या आणि मध काढून घेतात. तेव्हा लाडवांची भेट आधी सिडनीत उरका, मग रानाकडे निघा. भांडणही त्यातच मिटेल: आधी पंधरा दिवस मुलाकडे, मग चार दिवस तुमचं रान.

प्रश्न : सून गरोदर आहे. ग्रहणात तिला विळी-चाकू हातात धरू देऊ नये, झोपू देऊ नये, असं आमच्याकडे पाळतात. पुण्यातून २०२७ चं ग्रहण दिसणार का? दिसणार असेल तर काय करावं?
— एक सासूबाई, सहकारनगर

उत्तर : तुमची सून आज गरोदर असेल, तर ऑगस्ट २०२७ पर्यंत बाळ रांगत असेल, तुम्ही निश्चिंत असा. ग्रहण मात्र पुण्यातून संध्याकाळकडे खंडग्रास आहे. ऑगस्टचं आभाळ बघता दिसलं तर नशीब.

आता मूळ शंका. ग्रहणात सूर्याकडून कुठलाही नवा किरण येत नाही. येतो तो नेहमीचाच, थोडा कमी. भाजी चिरल्यानं बाळाला काही होत नाही, उपाशी ठेवल्यानं मात्र आईला होतं. १९८० च्या फेब्रुवारीत खग्रासाचा पट्टा कारवार-रायचूरवरून गेला तेव्हा पुण्यातले रस्ते दुपारी ओस पडले होते, आमच्या वाड्यात खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. माझी आई तेव्हा भावाच्या वेळेची होती, तिला चार तास एका जागी पाय पसरून बसवलं. भाऊ धडधाकट आहे. पण शेजारची, जिला कुणी बसवलं नव्हतं आणि जी खुशाल धुणी धूत होती, तिचा मुलगाही तितकाच धडधाकट आहे.

धोका एकच, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघण्याचा. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना समजत नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, जुनी सीडी, गॉगल एकावर एक, यातलं काहीही नको. आयएसओ १२३१२-२ असं छापलेला ग्रहणाचा चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच वापरा. चष्म्यातून घरातला दिवा अजिबात दिसता कामा नये. ओरखडा असेल तर फेकून द्या.

प्रश्न : माझ्याकडे चांगला कॅमेरा आणि मोठी लेन्स आहे. लक्सरला जातोय. प्रभामंडलाचे फोटो काढायला कोणती सेटिंग्ज ठेवू?
— एक तरुण वाचक, वारजे

उत्तर : पहिलं ग्रहण असेल तर काढू नका. हजार लोक तुमच्यापेक्षा चांगले काढणार आहेत आणि ते फुकट बघायला मिळणार आहेत. मोबाइल स्टँडवर लावून माणसांकडे तोंड करून व्हिडिओ चालू ठेवा, सूर्याकडे नाही. घरी आल्यावर तोच परत परत बघाल, कारण त्यात आवाज असतात.

ऐकणार नसाल तर एवढं पाळा. फिल्टर लेन्सच्या पुढे लावायचा, डोळा लावायच्या बाजूला नाही. खग्रास सुरू झालं की काढायचा, संपताना कडेला पहिला लखलखता ठिपका, म्हणजे ‘हिऱ्याची अंगठी’, दिसताच लगेच परत लावायचा. सराव पुण्यातच गच्चीवर, अंधारात, डोळे मिटून करा.

प्रश्न : हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गावर लागला, असं आम्ही सहलीत ऐकलं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ही दाखवले. हे खरं का? त्या ग्रहणाशी पुण्याचा काही संबंध?
— एक शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : या प्रश्नाची मी वाटच बघत होते. ओटे खरे, साहेब खरा, साल चुकीचं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास भारतावरून गेलं, तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट त्यानं पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहता येतात हे दाखवलं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, म्हणजे तुमच्या ओट्यांवरचा साहेब, त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. त्यानं ऑक्टोबरमध्ये तिथूनच हे साधलं आणि वर्णपटातली एक पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची ठरली, कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही इथपर्यंत तो पोचला. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं, तेही रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेच्या प्रयोगशाळेत.

लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासासाठी. नौदलाचं जहाज बरोबर, खलाशी दुर्बिणी उभारायला हाताशी. आणि त्याच दिवशी पुण्याचा माणूस दुसरीकडे उभा होता. सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती. तिचे प्रमुख प्रा. कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन जेऊरला गेले. पुणे-सोलापूर लोहमार्गावर, करमाळा तालुक्यातलं तेच जेऊर. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही तिथेच आला होता. जानेवारीतलं सोलापूरकडचं कोरडं आभाळ, उपकरणं उतरवायला रेल्वे, आणि सावलीचा पट्टा. तिन्ही गोष्टी जिथे जुळल्या ती जागा त्यांनी घेतली. रान होतं, पण मालगाडी पोचेल असं रान. कोथरूडच्या वाचकांनी हे उत्तरही वाचावं.

वेधशाळा पुढे बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. तिला अजून भावनगर दुर्बीणच म्हणतात. मुलांची पुढची सहल विजयदुर्गाऐवजी जेऊरला न्या, असं मी म्हणणार नाही, तिथे बघायला काही उरलेलं नाही आणि मुलं वैतागतील. पण सोलापूरच्या गाडीत बसलात तर खिडकीतून स्टेशन दाखवा.

प्रश्न : आजी, मी सातवीत आहे. भारतातून खग्रास ग्रहण कधी दिसेल? मला परदेशात नेणार नाहीत.
— एक विद्यार्थिनी, वाई

उत्तर : २० मार्च २०३४. आफ्रिकेतून, अरबस्तानातून, इराण-अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून सावली येईल आणि आपल्याकडे कारगिल भागावरून संध्याकाळकडे चीनमध्ये जाईल. तुझ्या आईवडलांना सांग, पासपोर्ट लागणार नाही. मार्चमध्ये तिथे बर्फ असतो, श्रीनगरहून जाणाऱ्या रस्त्यावरची झोजिला खिंड तेव्हा बंद असते किंवा नुकती उघडत असते, आणि डोंगर इतके उंच की संध्याकाळचा सूर्य कड्याआड जाऊ शकतो. म्हणून नुसतं कारगिलला पोचून भागणार नाही, पश्चिमेकडे मोकळं आभाळ असलेली जागा शोधावी लागेल. त्याची तयारी आत्तापासून करता येते: नकाशावरच्या समोच्च रेषा वाचायला शिक. आणि पुण्याला आलीस की टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत डोकावून जा, १९४४ पासून ती मंडळी हेच करतात.

तेव्हा तू किती वर्षांची असशील ते तुझं तू काढ. मी किती वर्षांची असेन ते काढू नकोस, पण गेलीस तर बर्फात माझ्यासाठीही एक सतरंजी टाकून ठेव, जमलं तर येते.